कागद महागला, म्हणून बायका घरी?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका पुठ्ठ्याच्या बॉक्स कारखान्यानं नुकतीच माणसं कमी केली. कारण काय, तर खर्च परवडत नाही. मालक खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पुठ्ठ्याच्या बॉक्सवर जीएसटी ५ टक्के आणि तो ज्या क्राफ्ट कागदातून बनतो त्यावर १८ टक्के. कागद घेताना जास्त कर भरायचा, माल विकताना कमी वसूल व्हायचा आणि परतावा येईपर्यंत पैसा अडकलेला. वर बँकेचं व्याज चालूच. बॉक्स घेणारे द्राक्ष-बेदाण्याचे व्यापारी दर वाढवून देत नाहीत, कारण शेजारचा कारखाना कमीत द्यायला तयार असतो.

सगळं मान्य. पण बॉक्सच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा कागदाचा असतो, पेस्टिंगला, म्हणजे खळीनं बॉक्स चिकटवायला बसणाऱ्या बाईच्या हजेरीचा नाही. मग पहिली कुऱ्हाड तिच्यावर का? कारण तिला काढायला काहीच लागत नाही. ती ठेकेदाराची. वर्षभर सलग काम केलेल्या कायम कामगाराला काढायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय वर्षामागे १५ दिवसांची भरपाई द्यावी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत तर कपात झालेल्याला नवं काम शिकता यावं म्हणून आणखी १५ दिवसांच्या पगाराची तरतूद आहे. हिला सुपरवायझरचा फोन आला, "उद्यापासून येऊ नका." बास.

आमच्या गल्लीतल्या दोघी त्यात आहेत. एकीची बोटं खळीनं कायमची सोलवटलेली. परवा म्हणाली, "वहिनी, द्राक्षं सुरू झाली की बोलवतो म्हणत्यात, पर तवर काय खायाचं?" आणि बोलावलं तरी तिलाच बोलावतील याची खात्री नाही. हंगामाला कमी हजेरीवर नवीन पोरी मिळतात, हे इथं सगळ्यांना माहीत आहे.

कराचा हा घोळ सुटावा म्हणून कारखानदार सरकारकडं जाणार असतील तर जरूर जावं, माझा पाठिंबा आहे. पण काढलेल्या बायकांनाही भरपाई द्या, ठेकेदाराच्या असल्या तरी. वर्षानुवर्षं त्यांनी माल तुमचाच बांधलाय.

आणि बायांनो, यूएएन नंबर (पीएफ खात्याचा तुमचा कायमचा नंबर) टाकून पीएफ खरंच भरलाय का ते मोबाइलवर बघा. ठेकेदारानं पगार किंवा पीएफ बुडवला तर तो भरायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. अर्ज लिहायचा असेल तर माझ्याकडं या. संध्याकाळी मी घरीच असते.