आयएमईआय मेल केल्याने फोन सापडत नाही

बाजाराच्या दिवशी कुणाचा तरी फोन जातो आणि रात्रीपर्यंत गावच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: ‘मोबाइल चोरी झाला? पोलीस स्टेशनला जायची गरज नाही. आपला १५ आकडी आयएमईआय नंबर, नाव, पत्ता आणि मोबाइलचं मॉडेल खालील ईमेलवर पाठवा. फोन बंद असला, सिम बदललं तरी जीपीआरएस व इंटरनेटच्या यंत्रणेद्वारे २४ तासांत शोधून मिळेल. जनहितार्थ, सर्व ग्रुपवर पाठवा.’ अलीकडे त्याच्या शेपटाला दोन सल्ले जोडलेले असतात. सिम लगेच बंद करू नका, नाहीतर लोकेशन मिळणार नाही. आणि फोन ब्लॉक करू नका, ब्लॉक झालेला फोन पोलिसांनाही सापडत नाही.

यातला ईमेलचा पत्ता ‘व्हीएसएनएल डॉट नेट’ने संपतो. व्हीएसएनएल ही सरकारी कंपनी २००२ साली टाटांकडे गेली आणि २००८ मध्ये तिचं नावसुद्धा टाटा कम्युनिकेशन्स झालं. म्हणजे मेसेज किती शिळा आहे ते बघा. तरीही तो पाठवणारे चांगल्या मनानेच पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘आयएमईआय दिला की फोन सापडतो’

आयएमईआय म्हणजे फोनचा चेसिस नंबर. गाडीचा चेसिस नंबर पाठ असला म्हणून ती कुठल्या गोठ्यात लपवली आहे ते कळत नाही. फोन चालू होऊन टॉवरला जोडला गेला, की तो आपला आयएमईआय आणि आतल्या सिमची ओळख कंपनीच्या यंत्रणेला सांगतो. ही नोंद फक्त मोबाइल कंपनीकडे असते आणि ती पोलिसांना कायदेशीर मागणीवरच मिळते. एखाद्या ईमेलवाल्याकडे ती असायचं कारण नाही. ‘आयएमईआय टाका, नकाशावर फोन बघा’ म्हणणाऱ्या ॲपकडेही नाही. ही ॲप तुमचे कॉन्टॅक्ट आणि एसएमएस वाचायची परवानगी मागतात आणि जाहिराती दाखवतात. एक फोन गेला आणि दुसऱ्याची किल्लीही देऊन बसलो, असा तो प्रकार.

पोलिसांनाही मिळतो तो टॉवर, घराचा दरवाजा नाही. शहरात टॉवर जवळजवळ असतात. आपल्याकडे एका टॉवरखाली चार-पाच गावं आणि मधली सगळी वावरं येतात. मेळघाटात किंवा भामरागडकडे तर कित्येक टप्प्यांत नेटवर्कच नाही. ‘लोकेशन आलं म्हणता, मग जाऊन आणत काहून नाही?’ असं ठाण्यात भांडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

‘फोन बंद असला तरी’

बंद फोन कुठल्याच टॉवरशी बोलत नाही. जीपीएसचा उपग्रहही तुमचा फोन बघत नसतो. उपग्रह फक्त सिग्नल पाठवतो, त्यावरून फोन स्वतःची जागा काढतो. ती जागा पुढे कुणाला कळवायची तर फोन चालू हवा आणि इंटरनेट हवं.

अपवाद आहेत, पण ते महाग फोनांचे. आयफोन ११ आणि त्यानंतरचे बरेच आयफोन बंद केल्यावरही काही काळ ब्लूटूथचा बारीक सिग्नल सोडतात, जवळून जाणारं दुसरं ॲपलचं उपकरण तो पकडतं. गूगलच्या पिक्सेल ८ मध्येही तशी सोय आहे. बाजारात दहा-बारा हजारांना मिळणाऱ्या फोनकडून ही अपेक्षा ठेवू नये.

साध्या अँड्रॉइड फोनसाठी गूगलचं ‘फाइंड हब’ आहे. मे २०२५ पर्यंत याचंच नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’ होतं. घरातल्या दुसऱ्या फोनवरून त्यात आपल्या जीमेलने लॉगिन केलं, की हरवलेला फोन सायलेंटवर असला तरी पाच मिनिटं मोठ्याने वाजवता येतो, लॉक करता येतो, शेवटची जागा बघता येते. आधी वाजवूनच बघावा. कापूस वेचताना ओटीत ठेवलेला फोन गाठोड्यात जातो, बंडीच्या तणसात पडतो, ट्रॅक्टरच्या सीटखाली सरकतो, आणि आपण बाजारातल्या पोट्ट्यांवर संशय घेत बसतो.

इंटरनेट नसलेला फोनही आजूबाजूच्या अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथवरून शोधायची सोय अँड्रॉइड ९ पासूनच्या फोनांत आली आहे. पण खेड्यातल्या माणसाला कुणी न सांगितलेली एक गोम त्यात आहे. मुळात ती ‘फक्त गर्दीच्या ठिकाणी’ अशी लावलेली असते, म्हणजे अनेक फोनांनी तुमचा फोन टिपला तरच जागा दिसते. शेगावला दर्शनबारीत किंवा मार्कंड्याच्या यात्रेत हे चालेल. पऱ्हाटीत पडलेल्या फोनजवळून दिवसभरात एक सालदार गेला, तर चालणार नाही. फाइंड हबच्या सेटिंगमध्ये ‘ऑफलाइन उपकरणं शोधा’ याखाली ‘सर्व ठिकाणी’ निवडून ठेवावं लागतं, आणि ते फोन हातात असतानाच.

हे सगळं अडतं ते मात्र पासवर्डवर. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोऱ्याने पटकन एक जीमेल काढून दिला, पासवर्डही त्यानेच टाकला, आणि ‘झाला चालू, काका’ म्हणून फोन हातात दिला. पुढे चार वर्षांनी फोन जातो तेव्हा काकांना जीमेल असतो हेच माहीत नसतं. ज्यांना पासवर्ड आठवतो त्यांनाही दुसऱ्या फोनवर लॉगिन करताना गूगल विचारतं, ‘तुमच्या फोनवर आलेली सूचना मान्य करा.’ तो फोन तर चोराच्या खिशात! म्हणून गूगल खात्यातले बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना लॉगिन करायचे आकडे, कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवायचे. याशिवाय गूगलची नुसत्या मोबाइल नंबरवरून फोन लॉक करायची ‘रिमोट लॉक’ सोय आहे, तिला पासवर्ड लागत नाही, पण तीही आधी सेटिंगमध्ये चालू केलेली हवी.

‘सिम लगेच बंद करू नका’

मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. त्यात अर्धा आणा खरेपणा आहे, म्हणून तो पटतो. सिम बंद केलं की फोनचं इंटरनेट जातं आणि फाइंड हबला फोन दिसेनासा होतो, हे बरोबर. म्हणून जीमेल आणि पासवर्ड तोंडपाठ असेल तर आधी दोन-पाच मिनिटांत फोन लॉक करून घ्यावा. तेवढं जमत नसेल, तर थांबायचं नाही.

कारण चोराला तुमच्या फोनपेक्षा तुमचा नंबर जास्त उपयोगी पडू शकतो. फोनला पॅटर्न असला तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायला त्याला काडीएवढी पिन पुरते. त्या नंबरवर बँकेचा ओटीपी येतो, आधारचा येतो, पीएम किसान आणि लाडक्या बहिणीच्या खात्याचा येतो, सीसीआय या सरकारी महामंडळाला कापूस द्यायच्या नोंदणीचाही येतो. आता आपल्याकडची सवय आठवा. फोनला फ्लिप कव्हर, कव्हरच्या खिशात एटीएम कार्ड आणि आधारची झेरॉक्स. यूपीआयचा पिन नव्याने लावायला काय लागतं? कार्डाचे शेवटचे सहा आकडे, त्यावरची मुदतीची तारीख आणि नंबरवर येणारा ओटीपी. आपण चोराला तिन्ही गोष्टी एकाच कव्हरात घालून देतो. वर कुणी कुणी एटीएमचा पिनही त्याच कार्डावर पेनाने लिहिलेला असतो.

तेव्हा त्याच कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याच्या फोनवरून १९८ लावा आणि सिम बंद करायला सांगा. पाठोपाठ बँकेला फोन करून यूपीआय आणि कार्ड थांबवा. तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाच्या चुकीमुळे पैसे गेले असले तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. म्हणजे फोन केल्याची वेळ हाच तुमचा पुरावा. पैसे निघालेच असतील तर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. इथे तास-दोन तासांनीही फरक पडतो, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती रोखायची असते. ‘उद्या तालुक्याला गेलो की बघू’ म्हणणाऱ्याचं खातं सगळ्यात आधी रिकामं होतं.

दुसरं सिम काढायला गेलात की आणखी एक गाठ पडते. सिम ज्याच्या नावावर, त्यानेच ओळखपत्र घेऊन यायचं. आपल्याकडे सिम मेव्हण्याच्या नावावर असतं, कधी वारलेल्या वडलांच्या, कधी बाजारात छत्री टाकून बसलेल्याने कुणाच्या नावावर दिलं ते देवाला ठाऊक. हे फोन जायच्या आधी नीट करून घ्यायचं काम आहे. आणि नवं सिम चालू झालं तरी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. दुकानदाराशी भांडू नका. कुणी खोटी कागदपत्रं देऊन तुमचं सिम काढलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नये, म्हणून दूरसंचार विभागानेच ही अट घातली आहे. मेसेज २४ तासांत फोन आणून देणार होता. खऱ्या व्यवहारात त्या २४ तासांत साधा ओटीपीही येत नाही.

व्हॉट्सॲप मात्र विसरू नये. नव्या सिमवर ते चालू केलं की चोराकडच्या फोनमधून आपोआप बाहेर पडतं. तोपर्यंत भावकीच्या ग्रुपवर ‘दवाखान्यात आहे, पाच हजार टाका’ असं तुमच्या नावाने काही आलं, तर कुणी पाठवू नये, हे घरच्यांना सांगून ठेवा.

‘पोलीस स्टेशनला जायची गरज नाही’

आहे. चोरीचा फोन देशभरात बंद करणारी सरकारी यंत्रणा म्हणजे सीईआयआर. सप्टेंबर २०१९ मध्ये तिचा प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच सुरू झाला. मे २०२३ पासून ती ‘संचार साथी’ पोर्टलवर सगळ्या देशासाठी खुली झाली, जानेवारी २०२५ मध्ये ॲपही आलं. तिथे अर्ज भरताना आयएमईआय, फोन कुठे आणि कधी गेला, ठाण्याचं नाव, तक्रारीचा क्रमांक आणि तक्रारीची प्रत मागतात. प्रत नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही.

फोन गेल्यावर आयएमईआय आणायचा कुठून? खोक्यावर असतो, बिलावर असतो, आणि फाइंड हबमध्ये फोनच्या माहितीतही दिसतो. दोन सिमचा फोन असेल तर आयएमईआय दोन असतात, दोन्ही द्यायचे.

ठाण्यात एक गोष्ट सांभाळा. खिसा कापून फोन नेला असेल तर तक्रारीत ‘गहाळ’ नको, ‘चोरी’ हवं. गहाळ म्हटलं की नुसती नोंद होते, गुन्हा दाखल होत नाही. बाजार एका ठाण्याच्या हद्दीत आणि गाव दुसऱ्या, किंवा यवतमाळहून नागपूरला जाताना एसटीत नेमका कुठे गेला तेच माहीत नाही, तरी तक्रार घ्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे लिहिलं आहे, आणि एफआयआरची प्रत फुकट द्यायची हेही त्यातच आहे. ठाण्यात आवाज न चढवता कलमाचा आकडा तेवढा सांगावा. आवाजापेक्षा त्याचा उपयोग होतो असा माझा समज आहे.

‘ब्लॉक केलेला फोन सापडत नाही’

उलट आहे. सीईआयआरवर ब्लॉक झालेल्या फोनमध्ये कुणीही सिम घातलं, की तो कुठल्याच कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाही, पण प्रयत्नाची नोंद होते आणि ती पोलिसांकडे जाते. पांढरकवड्याच्या बाजारातून गेलेला फोन महामार्गाने तासाभरात आदिलाबादला पोचतो. राज्य बदललं म्हणून तिथे तो चालू होईल असं नाही, यादी देशाची एकच आहे. फोन परत मिळाला की त्याच पोर्टलवर अर्जाचा क्रमांक टाकून तो पुन्हा चालू करून घेता येतो. जिल्हा पोलीस कार्यक्रम घेऊन ढिगाने फोन परत देतात, ते फोटो पेपरात येतात, ते याच वाटेने. मात्र ते काम २४ तासांचं नसतं, कित्येकदा महिने जातात, आणि सगळ्यांचेच फोन परत येत नाहीत.

मधल्या काळात ‘तुमचा फोन सापडला, लोकेशन बघायला लिंक दाबा’ असा मेसेज आला तर समजावं की चोराला फोन उघडता येत नाही आणि त्याला तुमचा पासवर्ड हवा आहे.

यावर ग्रुपवर एक शहाणा हमखास म्हणतो, ‘आयएमईआय बदलून टाकतात हो, काही होत नाही.’ बदलणारे आहेत. पण दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत, आणि दर चोराला ती करामत जमत नाही. बरेच फोन तसेच, बिल आणि खोक्याशिवाय, तीन-चार हजारांत आपल्याच बाजारात विकले जातात. घेणारेही आपलेच. असा फोन घेण्याआधी इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा. उत्तरात फोन काळ्या यादीत आहे असं आलं तर पैसे खिशातच राहू द्यावेत, कारण त्या फोनमध्ये सिम घातल्याबरोबर पोलिसांकडे नंबर जातो तो चोराचा नाही, तुमचा.