परत रात्री साडेनऊला शाळेचा मेसेज!

परत तेच. उद्या कागदाच्या लगद्याचा मुखवटा करून आणा म्हणे. अहो लगद्याचा एक थर वाळायलाच रात्र जाते, असे दोन-तीन थर, मग रंग, सकाळपर्यंत होणार कसं? मग आईबाबाच बसतात ड्रायर घेऊन आणि पोरगं शेजारी झोपून गेलेलं असतं. वर्षभर हेच, आधी विज्ञानाचं मॉडेल, मग चार्ट, मग गॅदरिंग, आणि बक्षीस ज्याचं काम सगळ्यात सफाईदार त्याला, म्हणजे मोठ्यांनी केलेलं. माझ्या मुलीने मागच्या वेळी स्वतः निळा-पिवळा मिसळून हिरवा केला, कडा वेड्यावाकड्या कापल्या, इतकी खूश होती, आणि प्रदर्शनात तिचं काम ठेवलं पार मागच्या रांगेत. फार लागलं मला. वाकडं असू दे ना, तिचं होतं ते! लोकनृत्याचंही तेच, स्टेप्स घोकून घेतात पण हा नाच कोण करतं, कधी, का, हे एकाही पोराला सांगत नाहीत. दोन आठवडे आधी सांगा, वर्गातच करू द्या, होऊ दे पसारा. आणि ते थर्माकोल तरी बंद करा, कुजत नाही काही नाही, प्रदर्शन संपलं की दुसऱ्याच दिवशी सगळं कचऱ्यात पडलेलं असतं.