संगणक मोजून झाले, तास कोण मोजणार?

शाळांतल्या संगणकांवरून आपल्याकडे होणारा वाद मी अमेरिकेतून नियमित वाचते. तो बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरतो: किती शाळांना संगणक मिळाले? देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्र सरकारच्या 'युडायस प्लस'च्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशातल्या ५७.२ टक्के शाळांत चालू संगणक होते. प्रगती झाली, असं एक बाजू म्हणते. चाळीस टक्क्यांवर शाळा कोऱ्याच राहिल्या, असं दुसरी. दोघींचंही खरं आहे. पण संगणक कक्षाचं कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडतं, एका यंत्रापुढे किती मुलं दाटीवाटीने बसतात आणि माऊस शेवटी कुणाच्या हाती राहतो, हे त्या आकड्यात येत नाही. मुलांना मात्र ते रोज दिसतं. म्हणून ही पाहणी विद्यार्थ्यांनीच करावी, असं मला ठामपणे वाटतं.

माझ्या मुलीच्या वर्गाला इथे असंच काम मिळालं होतं. शाळेने प्रत्येकाला लॅपटॉप दिलेला, त्यामुळे शाळेपुरता शोध लगेच आटोपला. वस्तीत गेल्यावर मुलं अडखळली. 'घरी इंटरनेट आहे का?' एवढं विचारून भागेना. आहे, पण तिघा भावंडांत एक फोन. आहे, पण डेटा महिनाअखेरीपर्यंत पुरत नाही. ग्रंथालयात फुकट मिळतं, पण आई कामावरून येईपर्यंत ते बंद झालेलं असतं. प्रश्नावली त्यांनी पुन्हा लिहून काढली, आणि माझ्या मते शिक्षण तिथेच झालं.

श्रीमंत देशांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला, असं आपल्याकडच्या चर्चेत सहज म्हटलं जातं. ते खरं नाही. गरीब घरांच्या इंटरनेट बिलात महिना ३० डॉलरपर्यंत सूट देणारी केंद्र सरकारची योजना इथे २.३ कोटी घरांपर्यंत पोहोचली होती. २०२४ मध्ये निधी संपला आणि ती बंद पडली. दिलेलं यंत्र घरात राहतं, पण जोडणीचे पैसे दर महिन्याला लागतात.

आपल्याकडे आता दुसराही सूर ऐकू येतो: घरोघरी मोबाइल आले, मग संगणक हवेत कशाला? 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या 'असर' या २०२४ च्या ग्रामीण शिक्षण पाहणीत १४ ते १६ वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण तो वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के आणि मुली २६.९ टक्के. शिवाय फोनवर धडा बघता येतो. दहा पानी प्रकल्प टाइप करणं, तक्ते मांडणं, प्रोग्रॅम लिहिणं हे त्या काचेवर शिकवून बघा.

शिक्षकांवर आधीच सर्वेक्षणांचा ढीग आहे, ही तक्रार अगदी रास्त आहे. म्हणून हे काम सातवी-आठवीच्या मुलांचं असावं. एक वही, चार आठवडे: कक्ष कधी उघडला, वीज होती का, किती यंत्रं चालली, कळफलकावर किती मिनिटं मुलगे बसले आणि किती मुली. कुणाचंही नाव लिहायचं नाही. मग ती वही शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवायची. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत पाऊणहिस्सा पालक आणि निम्म्या स्त्रिया असायलाच हव्यात, आणि शाळेचा विकास आराखडा तीच करते. पुढच्या आराखड्यात 'संगणक: १०' या ओळीशेजारी 'प्रत्येक मुलामागे आठवड्याला इतके तास' असा रकाना पालकांनी मागून घ्यावा.