पहाटे पावणेपाचची ड्युटी आणि वाशीचा टेम्पो

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं शेकड्यांनी रद्द व्हायला लागली, तेव्हा आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. एक चुलतभाऊ लग्नासाठी दिल्लीहून पुण्याला निघाला होता, तो विमानतळावरच अडकला. हळदीला पोचलाच नाही. त्याचा संताप मला समजतो. पण पुढचे मेसेज वाचून मला गप्प बसवेना. "एवढा पगार घेतात आणि झोप पाहिजे म्हणून विमानं बंद पाडतात." "आपले ड्रायव्हर रात्र रात्र गाडी हाणतात, त्यांना कोण विचारतंय?" आणि मग माझं नाव घेऊन, "तिकडं अमेरिकेत बघा, सगळं कसं शिस्तीत असतं."

मी तासगाव तालुक्यातला. बायकोच्या नोकरीमुळे इकडे आलो आणि गेली सहा वर्षं नेब्रास्का राज्यात मालवाहू विमान चालवतो. त्यामुळे या तिन्ही वाक्यांना उत्तर देणं मला भाग आहे.

आधी आपल्याकडचं. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, वैमानिकांच्या ड्युटीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच काढले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. 'रात्र' म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत. रात्रीच्या ड्युटीत सहाऐवजी दोनच लँडिंग. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि अखेर जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत हे नियम लागू झाले. म्हणजे तयारीला जवळपास पावणेदोन वर्षं मिळाली. तेवढ्या काळात इंडिगोने पुरेशी माणसं नेमली नाहीत, म्हणून गाडं अडलं. वैमानिकाने झोप मागितली म्हणून नव्हे. आणि गाडं अडल्यावर सूट कुणाला मिळाली? त्याच कंपनीला, रात्रीच्या नियमांतून, १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत. माणसं नियमाला पुरेनात, म्हणून नियमच माणसांना पुरवला. हे मला चूक वाटतं, आणि माझ्या भावाच्या हळदीचा मान ठेवूनही मी ते चूकच म्हणेन.

आता "तिकडं"चं सांगतो. माझं विमान म्हणजे सेसना कॅरॅव्हॅन. एक इंजिन, एक वैमानिक, मागे खिडक्या नाहीत, सव्वा टनाच्या आसपास पार्सलं. विमानावर नाव मोठ्या कुरियर कंपनीचं, पगार मात्र एका लहान ठेकेदार कंपनीकडून. साडेतीनला गजर होतो, पावणेपाचला ड्युटी सुरू. थंडीत आधी पंखावरचं दव-बर्फ उतरवायचं. हात फिरवून बघावं लागतं, कारण पारदर्शक बर्फ डोळ्याला दिसत नाही. मोठं जेट आलं की त्यातला माल आमच्याकडे येतो. खोकी नीट लागली का, जाळी ताणली का, वजन मागे तर गेलं नाही ना, हे मीच बघतो. तासाभराचं उड्डाण करून एका लहान गावात उतरतो. साडेसात-आठला तिथली व्हॅन माल घेऊन जाते. मग दिवसभर तिथेच थांबायचं. कंपनीने घेतलेल्या खोलीत एक पलंग आहे आणि एक खिडकी, तिच्यातून बारा वाजताचं ऊन थेट उशीवर येतं. झोप लागली तर लागली. पाचला परतीचा माल भरायचा, पावणेसातच्या आत ड्युटी संपवायची. कारण आमच्या वर्गाच्या उड्डाणांना नियमाने १४ तासांची ड्युटी चालते, आणि त्यानंतर १० तासांची विश्रांती. त्या दहा तासांत घरी जाणं, जेवण, मुलीचा अभ्यास, अंघोळ आणि पुन्हा विमानतळावर येणं, सगळं आलं.

चांगलं आहे तेही सांगायला हवं. मी रोज रात्री घरी असतो, शनिवार-रविवार बहुतेक मोकळे मिळतात, आणि तासांची नोंद इथे काटेकोर होते. पण याच देशात मोठ्या प्रवासी कंपनीचा वैमानिक पहाटे ४ ते ५ च्या दरम्यान ड्युटीवर आला, तर त्याची उड्डाण-ड्युटी साधारणपणे १० तासांच्या वर लावता येत नाही. वेळ तीच, आकाश तेच. त्याची कंपनी मोठी आणि मागे माणसं बसलेली, माझी कंपनी लहान आणि मागे खोकी, एवढाच फरक.

हा फरक आला कुठून? १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं. ५० जण गेले, त्यातला एक आपल्या घरात होता. सहवैमानिक मुलगी आदल्या रात्री सिॲटलहून मालवाहू विमानांत बसून कामावर आली होती. कॅप्टन विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत झोपला होता. गेलेल्यांच्या नातेवाइकांनी संसदेचा पिच्छा सोडला नाही, तेव्हा कुठे नवे विश्रांती-नियम झाले आणि जानेवारी २०१४ पासून लागू झाले. पण त्यातून मालवाहू विमानं वगळली. कारण सरळ पैशाचं होतं. खर्च वजा फायदा काढला आणि खोक्यांच्या विमानाला तो परवडत नाही असं ठरलं.

नियम लागू व्हायच्या आधीच, १४ ऑगस्ट २०१३ ला, पहाटे पावणेपाचच्या सुमारास यूपीएस या कुरियर कंपनीचं एअरबस अलाबामातल्या बर्मिंगहॅमला धावपट्टीच्या अलीकडे आदळलं. दोघेही वैमानिक गेले. निघण्यापूर्वी ते दोघं याच विषयावर बोलत होते, की आपल्याला हे नियम का नाहीत. ते बोलणं कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये सापडलं. चौकशीत पहिला ठपका चुकीच्या लँडिंगवर आला. थकव्याचंही नाव आलं, आणि सहवैमानिकाने सुट्टीतली झोप नीट वापरली नव्हती हेही नोंदलं गेलं. ते मी लपवणार नाही. नियम असला की झोप आपोआप लागते असं नाही. पण नियम नसेल तर झोपायला जागाच उरत नाही.

मला हे अंगावर आल्यावर समजलं. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, सलग चौथा दिवस, परतीचं उड्डाण. बाहेर काळोख, ऑटोपायलट लावलेला, हीटरची ऊब पायावर. कंट्रोलरने माझा कॉल साइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव, घेतला. मी उत्तर देणारच होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "ही तिसरी वेळ." पहिल्या दोन हाका मला ऐकूच आल्या नव्हत्या. डोळे उघडे होते, एवढं मी शपथेवर सांगतो. उतरल्यावर अर्धा तास विमानातच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी थकलोय म्हणून फेरी नाकारली. फोनवरचा माणूस रागावला नाही, काही बोललाच नाही. त्या महिन्याच्या पगारातून ती फेरी मात्र गेली.

त्या अर्ध्या तासात मला आबा आठवत होते. आबा हंगामात द्राक्षांचा टेम्पो वाशीला न्यायचे. संध्याकाळी पेट्या भरायच्या, पलूस-ताकारी करत हायवेला लागायचं आणि बाजार भरायच्या आत वाशीत. उशीर झाला की दर पडला. शेतकऱ्याचा वर्षाचा घाम त्या पेट्यांत, म्हणून आबा थांबत नसत. साताऱ्याच्या पुढे कुठेतरी एक चहा, तोंडावर पाणी, दाताखाली हिरवी मिरची. खंबाटकीचा बोगदा संपला की येणारं ते 'एस' वळण. "तिथं माझे डोळे आपोआप उघडतात," असं ते कौतुकाने सांगायचे. मला लहानपणी तो पराक्रम वाटायचा. आज त्याचा अर्थ कळतो. त्याच्या आधी डोळे मिटलेले असायचे.

आणि आबांसाठी कायदा नव्हता असं नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला ८ तास, लांबच्या मार्गावर १०, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. पण तो लागू कुणाला? पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या धंद्याला. आबांच्या मालकाकडे दोन टेम्पो आणि दोन ड्रायव्हर. आबा त्या कायद्याच्या बाहेर राहिले, जसा मी अमेरिकेच्या त्या नियमाच्या बाहेर आहे. म्हणून "आपल्या ड्रायव्हरला कोण विचारतंय" या वाक्यावर मी अडलो. हे खरंच आहे. पण ते वैमानिकाची झोप काढून घ्यायचं कारण कसं होतं? त्यावरून तर ड्रायव्हरलाही झोप द्यायला हवी.

घरच्या बातम्यांत मला अलीकडे उलटंच दिसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतला दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. संमती आणि जादा तासांचे पैसे वगैरे अटी आहेत. पण कुपवाडच्या शेडमधला कंत्राटी पोरगा संमती नाकारणार कशी? पगारातून गेलेली माझी ती फेरी मला अजून आठवते. आणि कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर विमानतळ झाला की द्राक्षं-डाळिंबं विमानाने जातील, असं सांगलीत कोणी ना कोणी बोलतच असतं. जावीत, मला आनंदच होईल. पण माल विमानाचा झाला तरी तो रात्रीच निघेल, आणि पुढे कोणीतरी जागं बसलेलं असेल. त्याचे तास आत्ताच मोजायला घ्या. वाशीला जाणाऱ्या टेम्पोत दुसरा ड्रायव्हर असावा, बाजारात उतरल्यावर पाठ टेकायला जागा असावी. पेटीमागे त्याचा जो खर्च येईल तो बागायतदाराने, अडत्याने आणि खाणाऱ्याने वाटून घ्यावा. मी बागायतदाराच्या घरातलाही आहे, पेटीचा दर मला माहीत आहे, तरी सांगतो.

आता हंगाम चालू आहे. आबांनंतर धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. इथे माझी ड्युटी संपते तेव्हा तिकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ सव्वासहाची असते, आणि तो वाशीत गाडी खाली करत असतो. पूर्वी मी फोन लावला की आधी दर विचारायचो. आता विचारतो, "किती झोपलास?"

"दोन तास. तू?"

"पाच."

"मग तू ठेव फोन," तो म्हणतो, "जाऊन पड."