शत्रू संपवला आणि त्याच्याबरोबर खेळही

ब्राउझरमध्ये खेळायचे जुने राष्ट्रबांधणीचे खेळ का ओस पडले, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं. मोबाइल आले, फेसबुकवर शेतीचे खेळ आले, पोरं कॉलेज संपवून नोकरीला लागली. यातलं काहीच खोटं नाही. पण सायबर नेशन्सच्या बाबतीत हे उत्तर मला कधीच पुरेसं वाटलं नाही. त्या खेळात मी उमेदीची वर्षं घालवली, तिथली माणसं जिवाभावाची झाली आणि तो रिकामा होत गेला तेव्हा मी आतच होतो. माझं मत ठाम आहे. तिथल्या अलायन्सनी, म्हणजे खेळाडूंच्या संघटनांनी, जिंकण्याचा जो अर्थ लावला, त्याने तो समाज पोखरला. मोबाइलने फक्त उरलेल्यांना बाहेरची वाट दाखवली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. केव्हिन मारग्रॉफ या अमेरिकन माणसाने जानेवारी 2006 मध्ये तो सुरू केला. ग्राफिक्स जवळजवळ नाहीतच, नुसते आकड्यांचे तक्ते. तुमचं एक राष्ट्र असतं. कर गोळा करायचा, बिलं भरायची, इन्फ्रा म्हणजे पायाभूत सोयी घ्यायच्या, जमीन घ्यायची, टेक म्हणजे तंत्रज्ञान वाढवायचं. दिवसाचं सगळं काम पाच मिनिटांत आटपतं. 25 दिवस फिरकला नाहीत तर राष्ट्र पुसलं जातं. बस. एवढ्यावर कुणी वर्षानुवर्षं टिकत नाही. टिकवलं ते माणसांनी. त्या तक्त्यांच्या भोवती खेळाडूंनी अलायन्स उभ्या केल्या, त्यांच्या घटना लिहिल्या, मंत्री नेमले, निवडणुका घेतल्या, हेर पाठवले, वकिली केली. रात्र रात्र आयआरसीवर, म्हणजे तेव्हाच्या चॅटवर, वाटाघाटी चालायच्या. पडद्यामागच्या प्रोग्रॅममध्ये यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून मी नेहमी म्हणतो, सायबर नेशन्सचा खरा खेळ म्हणजे तिथला समाज होता. तो गेला की मागे उरते ती बेरीज-वजाबाकी.

राष्ट्राला जन्मतः दोन साधनसंपत्ती मिळायच्या आणि बाकीच्यांसाठी दुसऱ्यांशी व्यापार करावा लागायचा. प्रत्येक राष्ट्र एक रंग निवडायचं, आणि आपल्याच रंगाच्या राष्ट्रांशी व्यापार केला तर जनता जास्त सुखी. एवढ्याशा नियमातून रंगांच्या अस्मिता जन्मल्या. लाल रंग म्हणजे न्यू पॅसिफिक ऑर्डर, म्हणजे एनपीओ ही अलायन्स. त्यांच्या रंगावरच्या अनाथ, म्हणजे कुठल्याच अलायन्समध्ये नसलेल्या राष्ट्रावर हात टाकलात तरी ते तुमच्या दारात उभे राहायचे. ही संघटना मुळात नेशनस्टेट्स या त्याहून जुन्या खेळातून आलेली. तिथल्या पॅसिफिक नावाच्या प्रदेशात 2003 मध्ये सत्ता उलथली आणि तिथूनच हे नाव पुढे आलं. शिस्त, कागदपत्रं, नव्या सभासदांचं शिक्षण, संकटात मदतीचे पैसे वेळेवर पोचवणं, या सगळ्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. त्यांच्याबद्दल पुढे जे कडक लिहिणार आहे ते हे मान्य करूनच.

आता मूळ मुद्द्यावर येतो, म्हणजे करारांवर. एमडीपी म्हणजे तुझ्यावर कुणी चालून आलं तर मला यावंच लागेल. ओडीपी म्हणजे वाटलं तर येईन. एमडीओएपी म्हणजे बचावाला नक्की, चढाईला मर्जी. त्याखाली नॅप (एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार), पायट (शांतता, माहिती आणि मदतीचा), प्रोटेक्टोरेट (मोठ्याने लहान्याला संरक्षण देण्याचा). सुरुवातीला या करारांना वजन होतं, कारण ते मोजके होते. एखादा एमडीपी जाहीर झाला की लोक दिवसभर त्यावर बोलत. मग प्रत्येकाला वाटायला लागलं की आणखी एक करार असला तर बरं. परराष्ट्र खात्यातली मंडळी करारांच्या संख्येवर आपलं यश मोजायला लागली. पुढे परिस्थिती अशी आली की सगळे करार एका चित्रात काढले तर रेघांचं जाळं दिसायचं, अलायन्सची नावं दिसायची नाहीत. ती चित्रं खरोखरच काढली जात आणि त्यांचा तासन्‌तास अभ्यास व्हायचा.

परिणाम काय झाला? युद्ध कुणाशी आहे यापेक्षा कुणाच्या साखळीतून कोण कुठे ओढलं जाईल याचं गणित महत्त्वाचं ठरलं. युद्धाचे नियमच संख्येच्या बाजूचे होते. एका राष्ट्रावर एका वेळी तिघे चढाई करू शकत. ताकद साधारण जुळती असावी लागे. युद्ध सात दिवस चालायचं. म्हणजे तीनास एक जमवलं की निकाल ठरलेला. मग कुठलाही शहाणा नेता तीनास एक जमल्याशिवाय पाऊल का उचलेल? नाहीच उचलायचा. महिनेन्‌महिने शांतता, मग एकदम सगळ्या जगाचं युद्ध, आणि त्याचा निकाल पहिल्या रात्रीच लागलेला. पहिली रात्र म्हणजे अमेरिकेतली मध्यरात्र, सर्व्हरच्या अपडेटची, म्हणजे खेळातला दिवस बदलण्याची वेळ. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा. पुण्या-मुंबईचे आम्ही काहीजण लेक्चर चालू असताना, ऑफिसात मॅनेजरची पाठ वळली की, अपडेटच्या आधी एक आणि नंतर लगेच दुसरा हल्ला करायला तयार बसलेले असायचो. तो थरार खरा होता. त्या दिवसांबद्दल मला आजही प्रेम आहे.

पण हरलेल्यांचं पुढे काय व्हायचं, याकडे आम्ही कुणी नीट बघितलं नाही, आणि माझ्या मते सगळं तिथेच बिघडलं.

शरणागतीच्या अटी हळूहळू कठोर होत गेल्या. नुकसानभरपाई, म्हणजे रेप्स, महिनोन्‌महिने फेडायची. हरलेल्या अलायन्सच्या कारभारावर विजेत्यांचा व्हाइसरॉय बसवायचा. एखाद्या राष्ट्राचं इन्फ्रा शून्यावर आणून तिथेच दाबून ठेवायचं, याला झीआय म्हणत. त्याचा सर्वांत वाईट प्रकार ईझीआय. तो माणूस नवं नाव घेऊन नवं राष्ट्र काढून आला तरी त्याला हुडकून पुन्हा शून्यावर आणायचं. राष्ट्राला शिक्षा देणं हा खेळाचा भाग. माणसाला खेळूच न देणं, याला मी खेळ मानत नाही. डिसेंबर 2007 मध्ये ग्रीन प्रोटेक्शन एजन्सीवर हल्ला झाला. ती तटस्थ अलायन्स होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि तेव्हा खेळातली सर्वांत मोठी. तिचं मोठं असणं हाच तिचा खरा गुन्हा. फेडरेशन ऑफ आर्म्ड नेशन्स, म्हणजे फॅन, या अलायन्सवरचं युद्ध तर इतकं लांबलं की लोक त्याला व्हिएतनामवरून व्हिएतफॅन म्हणायला लागले, आणि त्यातून त्यांची सुटका 2009 सालीच झाली. विजेत्यांच्या दृष्टीने ही धोरणं यशस्वी होती. शत्रू खरंच संपत होता. म्हणजे ती माणसं लॉगिन करणं बंद करत होती. पंचविसाव्या दिवशी त्यांची राष्ट्रं आपोआप नाहीशी होत होती.

एप्रिल 2009 मध्ये या विजेत्यांत सर्वांत पुढे असलेल्या एनपीओने हेरगिरीचा आरोप ठेवून ऑर्डो व्हर्दे या लहानशा अलायन्सवर युद्ध पुकारलं, तेही बोलणी चालू असताना. मग आजवर दबलेलं सगळं उसळून वर आलं. ऑर्डो व्हर्देचे मित्र उभे राहिले, त्यांचे मित्र उभे राहिले, आणि एनपीओच्या जुन्या सोबत्यांपैकी कित्येकांनी ऐन वेळी करार मोडले. हेच ते कर्मा युद्ध. मराठी माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. त्या आठवड्यात आम्ही जेवढे जागलो तेवढे परीक्षेलाही जागलो नव्हतो. वाटलं होतं, आता नवं जग येणार. छोट्या अलायन्सना श्वास घेता येईल, अटी माणुसकीच्या असतील, लोक परत येतील.

एनपीओवर लादलेल्या अटी प्रचंड होत्या आणि त्या फेडण्यात त्यांचा मोठा काळ गेला. तेव्हा बहुतेकांना ते न्याय्य वाटलं. पण जानेवारी 2010 मध्ये पुन्हा जागतिक युद्ध पेटलं. त्यात द ऑर्डर ऑफ द पॅराडॉक्स आणि आयर्न या अलायन्स हरल्या, आणि त्यांच्यावरही डोंगराएवढी भरपाई लादली गेली. जानेवारी 2011 मध्ये मशरूम किंगडम, अम्ब्रेला आणि गून्स या अलायन्सच्या गटाने एनपीओवर चढाई केली. एनपीओने नव्याने काही आगळीक केली होती म्हणून नव्हे, तर पुढेमागे ते पुन्हा डोईजड होतील म्हणून. ती युद्धघोषणा वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता. ज्या विचारसरणीविरुद्ध दोन वर्षांपूर्वी अर्धं जग उठलं होतं, तीच आता विजेत्यांच्या तोंडी होती. खुर्चीवरचा माणूस बदलला, खुर्ची तीच राहिली. पुढे मशरूम किंगडमही विसर्जित झाली. कुणी हरवून नव्हे, आपणहून. ज्यांच्याशी लढावं असं कुणी उरलं नाही की संघटनेला सकाळी उठण्याचं कारण राहत नाही, असं मला वाटतं.

दुसरी एक गोष्ट याहून संथ होती, आणि तिच्यावर फार कमी बोललं जातं. नवे खेळाडू.

जुन्या, मोठ्या राष्ट्रांना टेक स्वतः विकत घेणं परवडत नसे, कारण जितकं जास्त टेक तितकं पुढचं महाग. नव्या राष्ट्राला तेच अगदी स्वस्तात मिळे. म्हणून टेक डील सुरू झाली. बराच काळ दर ठरलेला होता, 30 लाखांना 100 टेक. मोठ्याने मदतीच्या खात्यातून पैसे पाठवायचे, लहान्याने 50-50 च्या दोन हप्त्यांत टेक पाठवायचं. सुरुवातीला यात दोघांचं भलं होतं. नव्याला भांडवल मिळे, आणि त्यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे एक ज्येष्ठ ओळखीचा होई. माझी या खेळातली पहिली मैत्री अशीच झाली. पैसे पाठवता पाठवता तो मला युद्ध कसं लढायचं, कुणाच्या भानगडीत पडायचं नाही, हे शिकवायचा.

पण वर्षं गेली तशी वरची राष्ट्रं इतकी पुढे निघून गेली की आज आलेल्या माणसाने कितीही मेहनत केली तरी तो त्यांना गाठणं शक्य नव्हतं. त्याच्या वाट्याला एकच काम उरलं, टेक पिकवून वर पाठवणं. अलायन्सच्या भरतीच्या जाहिराती जोरात असायच्या, आत आल्यावर त्याला एक तक्ता दिला जायचा, कुणाला कधी किती पाठवायचं याचा. धोरण ठरायचं ते नेत्यांच्या खासगी चॅनेलवर. त्याने करार वाचलेला नसायचा, युद्ध का चाललंय हे माहीत नसायचं, आणि एके दिवशी कुणाच्या तरी तिसऱ्या मित्राच्या करारापायी त्याचं राष्ट्र बेचिराख व्हायचं. तो परत का येईल? गावातल्या तरुणांना फक्त सतरंज्या उचलायला बोलवत राहिलो तर मंडळाची पुढची पिढी तयार होत नाही, तसंच हे. टेक विकणारे कमी झाले तेव्हा मोठ्यांनी काय केलं? उरलेल्या विक्रेत्यांना वाढूच न देता लहान ठेवण्याच्या योजना आखल्या. खेळाडूंना सांगायला लागले, तुझं राष्ट्र मोठं करू नकोस, अलायन्सला त्याची गरज नाही.

इथे कुणी म्हणेल, अरे, ब्राउझर गेममध्ये हे व्हायचंच. मला ते मान्य नाही, आणि याचं उत्तर नेशनस्टेट्समध्ये आहे. ऑस्ट्रेलियन कादंबरीकार मॅक्स बॅरी याने तो खेळ नोव्हेंबर 2002 मध्ये सुरू केला, म्हणजे सायबर नेशन्सच्या तीन वर्षांहून अधिक आधी. तोही मजकुराचाच खेळ. मोबाइल त्याच्याही काळात आले. तरी तिथे आजही गजबज आहे. तिथलं राजकारण काही सोवळं नाही. अपडेटच्या तोंडावर हल्लेखोर एखाद्या प्रदेशात घुसतात, प्रतिनिधीची जागा मतांनी बळकावतात, बचाव करणारे धावून येतात, हेरगिरी आणि दगाबाजी सगळी आहे. फरक असा की तुमचा प्रदेश कुणी जिंकला, तुम्हाला हाकलून लावलं, तरी तुमचं राष्ट्र तुमचंच राहतं, जसंच्या तसं. तुम्ही उठता, दुसऱ्या प्रदेशात जाता, नाहीतर आपला परत घेण्याची तयारी करता. हरणाऱ्याला उद्या पुन्हा खेळता येतं. आणि काल आलेल्या मुलीला वीस वर्षं जुन्या खेळाडूइतकंच एक मत असतं.

सायबर नेशन्समध्ये नियम बदलणं आमच्या हातात नव्हतं, हे खरं. पण शरणागतीच्या अटी कुणी लिहिल्या? करारांचं जाळं कुणी विणलं? नव्यांना चॅनेलबाहेर कुणी ठेवलं? यातलं काहीही सर्व्हरने केलेलं नाही. व्हाइट पीसने, म्हणजे काहीही न घेता युद्ध थांबवणाऱ्या अलायन्स तेव्हाही होत्या. त्यांना भोळसट म्हटलं जायचं. मला आज वाटतं की तो समाज जेवढी वर्षं तगला तेवढी त्यांच्यामुळेच तगला.

2014 मध्ये पॉलिटिक्स अँड वॉर सुरू झाला आणि आमच्यातले बरेच तिकडे गेले. आज आपल्याकडची कितीतरी मुलं तो आणि तसले मोबाइलवरचे अलायन्सचे खेळ डिस्कॉर्डवर बसून खेळतात. माझ्या भाच्याच्या तोंडी तेच शब्द ऐकू येतात. त्याच्या अलायन्सने मागच्या युद्धात समोरच्यांना इतकं चेपलं की ते सर्व्हरच सोडून गेले, हे तो अभिमानाने सांगत होता. मी त्याला एवढंच विचारलं, की पुढचं युद्ध आता कुणाशी करणार? त्याने थोडा विचार करून आपल्याच मित्र-अलायन्सचं नाव घेतलं.

जाता जाता एक विनंती. जुन्या अलायन्सची बहुतेक पानं इन्व्हिजनफ्री आणि झेटाबोर्ड्ससारख्या फुकटच्या जागांवर होती. त्या जागा बदलत, विकल्या जात गेल्या आणि पुष्कळ काही हरवलं. युद्धघोषणा आणि विजयाची निवेदनं विकीवर सापडतात, कारण जिंकणारे मागे राहिले आणि त्यांनी ती जपली. हरून निघून गेलेल्यांचं म्हणणं कुठेच सापडत नाही. तुमच्यापैकी कुणी 2006 ते 2011 या काळात तिथे असाल, विशेषतः हरलेल्या बाजूला असाल, तर जुन्या ईमेलमध्ये, हार्ड डिस्कमध्ये एकदा शोधा. आयआरसीचे लॉग, घटनेचा मसुदा, शरणागतीचा कागद, काहीही चालेल. नसेल सापडत तर तुम्ही खेळ नेमका कोणत्या दिवशी आणि का सोडला, एवढं खाली कमेंटमध्ये लिहा. मी ते सगळं एकत्र करायला घेतलं आहे.