पेत्र कोणत्या सेमिनरीत गेला होता?

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतोय. मलाच तो चार जणांनी पाठवला. त्याचं म्हणणं असं : सेमिनरीतल्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेतल्या, शिकवण्याच्या पद्धती सुधारण्याचा खटाटोप व्यर्थ आहे, येशूचे शिष्य पेत्र-योहान अशिक्षित होते, पवित्र आत्माच शिकवतो, आणि जुन्या पाळकांनी टिपणं पाठ करूनच मंडळ्या उभ्या केल्या. मी नाशिकच्या शरणपूरला संध्याकाळी मंडळीतल्या सेवकांचा बायबल वर्ग घेतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

प्रेषितांची कृत्ये ४:१३ मध्ये पेत्र-योहानांना निरक्षर म्हटलंय, हे खरं. पण तेच वचन शेवटपर्यंत वाचा : हे येशूच्या सहवासात होते, हेही न्यायसभेने ओळखलं. शास्त्र्यांच्या शाळेत ते गेले नव्हते, गुरूबरोबर मात्र गावोगाव फिरले होते. येशूच्या दाखल्यांचा, म्हणजे बोधकथांचा, अर्थ त्यांनी एकांतात विचारला. जोडीजोडीने सेवेला गेले आणि परतल्यावर काय केलं, काय शिकवलं, ते सगळं त्याला सांगितलं (मार्क ६). आधी काम, मग गुरूपुढे त्याची उजळणी. आपल्याकडे किती ठिकाणी एवढं होतं?

आत्मा शिकवतो, हे मीही मनापासून मानतो. योहान १४:२६ सांगतं की येशूने जे सांगितलं त्याची तो आठवण करून देईल. म्हणजे आधी कोणीतरी सांगितलेलं हवं. रथात यशया वाचत बसलेल्या इथिओपियाच्या अधिकाऱ्याकडे आत्म्याने फिलिप्पालाच धाडलं. फिलिप्पाने प्रवचन सुरू केलं नाही. वाचताय ते समजतंय का, असं आधी विचारलं.

जुन्या पाळकांविषयी मला आदर आहे, पण ते नुसत्या टिपणांवर घडले हे मान्य नाही. याच शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयाला आलेली, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं धड्यांबरोबर सुतारकाम-लोहारकाम शिकत. नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचं पार्थिव घेऊन इंग्लंडला गेला. १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीला तो हजर होता. आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर कीर्तन आणि अभंगच मंडळीत रुजवले.

पाठांतर वाईट नाही. स्तोत्र २३ मुखोद्गत हवंच. पण टिपण पुन्हापुन्हा वाचणं म्हणजे शिकणं नव्हे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोग करून दाखवलं की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्याने जास्त राहतो. म्हणून वर्गात मी पुस्तक मिटायला लावतो आणि दाखला शेजाऱ्याला आपल्या शब्दांत सांगायला लावतो.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याला दिंडोरीकडच्या एका छोट्या मंडळीत योहान १५ वर बोलायचं होतं, जिथे येशू स्वतःला द्राक्षवेल आणि शिष्यांना फाटे म्हणतो. टिपण नीटनेटकं होतं : वेल म्हणजे हे, फाटा म्हणजे ते. मी म्हटलं, आधी एखाद्या द्राक्ष बागायतदाराकडे जाऊन बस. तो गेला आणि वहीभर लिहून आणलं. एप्रिलात जुन्या काड्या कापून टाकणारी खरड छाटणी, त्यानंतर येणाऱ्या काडीच्या डोळ्यात घड धरतो, मग ऑक्टोबरात फळछाटणी. तेव्हा कुठे मी त्याला मूळ ग्रीक दाखवलं : दुसऱ्या वचनातलं छाटणं आणि तिसऱ्या वचनातलं ‘शुद्ध’ हे एकाच धातूतले शब्द आहेत. पूर्वी हेच मी फळ्यावर लिहून द्यायचो आणि परीक्षेनंतर कोणाच्या लक्षात राहत नसे. या वेळी तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला.

रविवारी मी मागे बसलो होतो. उपदेश अर्ध्यावर आला तशी एक आजी उठून म्हणाली, “खरड छाटणीनंतर बाग मेल्यावानी दिसती, पास्टर. ते पण सांगा.” त्याने टिपण मिटलं आणि म्हणाला, “आजी, तुम्हीच सांगा.”