सच्याच्या इजिप्त ट्रिपचा कट्ट्यावर झालेला पंचनामा

काल रात्री सच्या कट्ट्यावर आला तोच मोबाईल पुढे नाचवत, डिसेंबरात इजिप्त, बायको आणि आई, आठ दिवस, सोमवारपर्यंत पैसे भरायचेत म्हणे. प्लॅन वाचला तर कैरो, अलेक्झांड्रिया, हुरघाडा, लक्सर, अस्वान, अबू सिंबेल सगळं कोंबलेलं. म्हणलं अरे ही सहल आहे की बदलापूर फास्ट? अलेक्झांड्रिया आणि हुरघाडा आधी काढ, समुद्र बघायला अलिबाग आहे की.

नित्या लगेच उसळला. एवढे पैसे घालून जायचं आणि अर्धं सोडून यायचं का, हे त्याचं म्हणणं. नित्या स्वतः महाबळेश्वरला पण सगळे पॉइंट एका दिवसात मारणारा माणूस, त्यामुळे त्याचं मत धरू नका.

मी जानेवारीत स्वतः बुकिंग करून जाऊन आलोय आणि वैशू दोन वर्षांपूर्वी टूरबरोबर, त्यामुळे खरी जुंपली आमच्यात. ती म्हणते काकू बरोबर आहेत तर टूरच घे, बॅगा कोण उचलणार, आणि पहाटे चारला अबू सिंबेलची गाडी कोण शोधणार. ते बरोबरच आहे तिचं, अस्वानहून सरळ वाळवंटातून पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर जायचं आणि दुपारी परत. पण तिथलं जुनं देऊळ बघण्यासारखं आहे हां. अस्वानच्या धरणात बुडणार म्हणून 1964 ते 1968 मध्ये अख्खं देऊळ कापून, तुकडे करून, साधारण 65 मीटर वर नेऊन परत जोडलंय. आपल्याकडे धरणात गेलेली देवळं उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतात तेवढीच.

मग विषय आला कैरोजवळच्या मोठ्या पिरॅमिडवर. सच्याला आत जायचंय. म्हणलं तू जा, आईला नेऊ नको, वेगळं तिकीट आहे, कमरेत वाकून चढायचं, उकाडा मरणाचा, आणि वर पोचल्यावर काय तर रिकामी खोली आणि ग्रॅनाइटची झाकण नसलेली पेटी. काकूंच्या गुडघ्यांची वाट लागेल. बाहेरूनच भारी आहे ते, साडेचार हजार वर्षं जुनं, तेवीसेक लाख दगड, जवळ गेलास की एकेक दगड छातीपर्यंत येतो तेव्हा कळतं काय प्रकरण आहे.

उंटाचं मात्र सांगितलंच पाहिजे. एक उंटवाला मला म्हणाला फोटो फ्री, बस बस, इंडिया, अमिताभ बच्चन! बच्चन ऐकून मी पाघळलो आणि बसलो. उंट उठला, फोटो झाले, सगळं फुकट, पैसे लागतात ते उतरायचे. वरून घासाघीस कशी करणार, उंट त्याचं ऐकतो माझं नाही. नित्या दोन मिनिटं हसत होता. वैशू म्हणे म्हणूनच टूर, गाइड असल्या लोकांना फिरकू देत नाही. मी म्हणलं तिथं 'ला, शुक्रान', म्हणजे नको, धन्यवाद, एवढं म्हणायचं, थांबायचं नाही, नजर द्यायची नाही, निम्मे गळतात. बाकी खिशात सुट्ट्या नोटा ठेव, कुणी बॅग धरली, संडास दाखवला, की बक्षीस. शब्द पण आपलाच. मोठ्या ठिकाणी तिकीट खिडकीवर मात्र रोख घेत नाहीत, कार्ड लागतं, नाहीतर सच्या नोटा हातात घेऊन बाहेरच.

खाण्याचं सच्याच्या आईला टेन्शन. कोशरी सांग त्यांना. भात, मसूर, मॅकरोनी, वर छोले, टोमॅटोचा आंबट रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा, पूर्ण शाकाहारी, पोट भरतं आणि स्वस्त. आपली खिचडीच तिकडे जाऊन मॅकरोनीशी लग्न करून बसली असं म्हणतात. वैशूला टूरवर आठही दिवस पोहे-पराठे मिळाले आणि कोशरी चाखलीच नाही म्हणे. आता यावर काय बोलणार.

पण माझं खरं भांडण लक्सरसाठी होतं. सच्याच्या प्लॅनमध्ये लक्सरला एकच दिवस. अरे तिथल्या कर्नाकच्या देवळात एका दालनातच 134 खांब आहेत, मान दुखते वर बघून. राजांच्या दरीत साध्या तिकिटावर तीन थडगी बघता येतात, तुतनखामुनचं वेगळं तिकीट. त्याची गंमत अशी की सोन्याचा मुखवटा आणि बाकी खजिना कैरोच्या नव्या मोठ्या म्युझियममध्ये, ते 2025च्या नोव्हेंबरमध्ये उघडलं, आणि राजा स्वतः अजून लक्सरला त्याच्याच थडग्यात काचेखाली, काळे पाय बाहेर काढून पडलाय. दोन्ही बघायचं.

आणि संध्याकाळी लक्सरचं देऊळ. दिवे लागल्यावर जा. देवळाच्या आतच अबुल हग्गाग यांची मशीद आहे आणि तिचा जुना दरवाजा भिंतीत कितीतरी उंच, अधांतरी लटकलेला. कारण मशीद बांधली तेव्हा देऊळ मातीखाली गाडलेलं होतं, जमीनच तिथपर्यंत होती. पूर्वी कर्नाकहून अमुन देवाची स्वारी नावेत बसवून पुजाऱ्यांच्या खांद्यावरून या देवळात यायची, म्हणजे पालखीच. आणि आजही हग्गाग बाबांच्या उरुसात गावातून नावा मिरवतात. हे सांगताना मी जरा जास्तच रंगलो असेन, पण सगळे गप्प होते, चहावाल्याने पण पातेलं खाली ठेवलं.

सच्याने हुरघाडा काढलं. अलेक्झांड्रियावर अडलाय, बायकोला हवंय.

तेवढ्यात त्याच्या आईचा फोन. स्पीकरवर टाकला. काकूंचा प्रश्न एकच, नाईल नदीत पाय बुडवता येतील का, आणि तांब्याभर पाणी आणता येईल का. वैशूने सांगितलं काकू पाय नका बुडवू, काठच्या पाण्यातून कातडीतून शिरणाऱ्या जंतूंचा रोग होतो, बोटीवरूनच हात जोडा. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग काकू म्हणाल्या, "बरं, मग तांब्या लहान घेते."